न दिलेल्या परीक्षेचे 92 टक्के

दहावीला मला 92.40 टक्के गुण मिळाले आणि ते बोर्डाचा एकही पेपर न लिहिता मिळाले. हे वाक्य लिहायला आज संकोच वाटत नाही. 2021 साली पेढे वाटताना मात्र ते मनातल्या मनात म्हणण्याचीही माझी तयारी नव्हती. करोनामुळे त्या वर्षी राज्य मंडळाची दहावीची लेखी परीक्षा रद्द झाली आणि प्रत्येक विषयाचे 100 गुण तीन ठिकाणांहून गोळा करण्यात आले: 50 नववीच्या निकालावरून, 30 दहावीच्या वर्षभरातील लेखी मूल्यमापनावरून आणि 20 तोंडी, प्रात्यक्षिक व अंतर्गत कामावरून. गंमत अशी की आमची नववीची वार्षिक परीक्षाही 2020 च्या टाळेबंदीत वाहून गेली होती. म्हणजे 2019 मध्ये आठवीचा शेवटचा पेपर दिल्यानंतर थेट अकरावी संपेपर्यंत मी एकाही वार्षिक परीक्षेला बसलेच नव्हते. 16 जुलैला राज्याचा निकाल 99.95 टक्के लागला आणि कराडच्या आमच्या आळीत मी हुशार मुलगी ठरले.

त्यानंतर अकरावी प्रवेशासाठी 21 ऑगस्टला एक ऐच्छिक सीईटी होणार होती. मी अर्ज भरला होता, पुस्तक उघडले नव्हते. 10 ऑगस्टला उच्च न्यायालयाने ती परीक्षा रद्द ठरवली, तेव्हा मला झालेला आनंद इतका मोठा होता की त्याचा संशय मला तेव्हाच यायला हवा होता.

अकरावीचे बरेचसे वर्ष मोबाईलच्या पडद्यावर गेले आणि मी कशीबशी वर सरकले. खरा प्रश्न 2022 च्या जूनमध्ये, बारावी विज्ञानाचे वर्ग सुरू झाल्यावर उभा राहिला. फिजिक्सची पहिली घटक चाचणी 25 गुणांची होती आणि मला त्यात 4 मिळाले. वळणावर रस्ता बाहेरच्या अंगाने उंच का ठेवतात, असा एक प्रश्न होता. पुण्याहून येताना खंबाटकी घाटात एसटीच्या खिडकीला टेकून मी तो प्रकार कितीदा अनुभवला असेल. पण सूत्र आठवेना म्हणून मी ती जागा कोरी सोडून दिली होती. उत्तरपत्रिकेच्या तळाशी सरांनी लाल शाईने ‘भेटावे’ एवढेच लिहिले होते. मी भेटले नाही. ती उत्तरपत्रिका घडी घालून गादीखाली सारली आणि त्या रात्री नवे वेळापत्रक तयार करायला बसले.

वेळापत्रके करण्यात माझा हात कोणी धरला नसता. तीन रंगांची स्केचपेने, पट्टीने आखलेले रकाने, पहाटे साडेचारला उठण्याचा संकल्प. जून ते ऑगस्टमध्ये अशी सात वेळापत्रके भिंतीवर चढली आणि उतरली. प्रेरणा देणाऱ्या वक्त्यांचे व्हिडिओ मी जेवताना, केस विंचरताना, झोपण्यापूर्वी पाहत असे. ते पाहून छाती भरून यायची आणि अभ्यास केल्यासारखे समाधान वाटायचे, हाच त्यांचा दोष. आईला हे सारे सरळ दिसत होते. ‘‘अगं, पुस्तक उघडायला कुठल्या मुहूर्ताची वाट बघतेस?’’ असे ती पोळ्या लाटता लाटता विचारायची. मी आळशी आहे याबद्दल घरात दुमत नव्हते. मलाही ते मान्य होते, कारण आळशी म्हणवून घेणे सोयीचे होते. आळशी माणसाने मनावर घेतले तर तो काहीही करू शकतो, असा एक समज असतो, आणि त्या समजाखाली माझे 92 टक्के सुरक्षित होते.

सप्टेंबरमध्ये वडिलांनी महिना 500 रुपये भरून मला एका अभ्यासिकेत जागा घेऊन दिली. दोन्ही बाजूंनी प्लायवूडचे आडोसे असलेली अरुंद टेबले, प्रत्येकावर दिव्याचे बटण, भिंतीवर ‘मोबाईल सायलेंट ठेवावा, डुलकी घेऊ नये’ अशी पाटी. मुलींची खोली आठला बंद व्हायची आणि मुलांची अकरापर्यंत उघडी असायची. शुल्क मात्र दोघांना सारखेच, हे जाता जाता नोंदवून ठेवते. माझ्या शेजारच्या टेबलावर स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी एक ताई बसत असे. आठवडाभर तिने मला वहीच्या कोपऱ्यात नक्षी काढताना पाहिले असावे. एका संध्याकाळी जिन्यात चहा पिताना तिने विचारले, ‘‘काय येत नाही तुला?’’

‘‘फिजिक्स.’’

‘‘फिजिक्समधलं काय?’’

मला उत्तर देता आले नाही. काय येत नाही हे सांगण्यासाठी आधी ते पाहावे लागते आणि तीन महिने मी नेमके तेवढेच टाळत आले होते. दुसऱ्या दिवशी तिच्या सांगण्यावरून मी ती गादीखालची उत्तरपत्रिका आणली. ताई कला शाखेची पदवीधर; तिला त्यातले अक्षरही कळत नव्हते. तिने फक्त एकेका प्रश्नावर बोट ठेवून विचारले: मुळीच येत नाही, की येत असून लिहिले नाही? गेलेल्या 21 गुणांपैकी 13 गुणांचे मला खरोखर काही येत नव्हते. उरलेले 8 गुण मी नुसते भीतीने सोडले होते. रस्त्याच्या उताराचा प्रश्न त्या आठांत होता. तीन महिने ज्याच्यापासून मी पळत होते, ते ‘सगळे फिजिक्स’ नव्हते, 13 गुणांचा मजकूर होता.

पुढे वाचनात आले की फ्यूशिया सिरॉय आणि टिमोथी पिचिल या अभ्यासकांनी 2013 मधील एका लेखात चालढकलीला वेळेच्या नियोजनातील चूक न मानता नकोशा भावनेपासून मिळवलेली तात्पुरती सुटका मानले आहे. ते वाचताना मला तो जिना आठवला, आणि माझी सात वेळापत्रकेही.

उपाय म्हणावा तर तो फारच साधा होता. अभ्यासिकेत शिरल्यावर पहिली दहा मिनिटे रोटेशनल डायनॅमिक्समधले एकच उदाहरण सोडवायचे आणि दहा मिनिटांनंतर उठावेसे वाटले तर खुशाल उठायचे. पहिल्या आठवड्यात मी दोनदा खरोखर उठून गेले. नंतर उठणे आपोआप कमी झाले, कारण अर्धवट सुटलेले उदाहरण तसेच टाकून उठवत नाही. वाचून झाल्यावर पुस्तक मिटायचे आणि कोऱ्या कागदावर आठवेल तेवढे उतरवायचे, ही ताईची दुसरी अट होती. ती मला सर्वांत जड गेली. कागद जवळजवळ कोराच राहायचा आणि प्रत्येक वेळी ते चार गुण पुन्हा मिळाल्यासारखे वाटायचे. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या 2006 मधील प्रयोगांत पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात आठवड्यानंतर अधिक राहिले होते, हे मला तेव्हा ठाऊक असते तर कदाचित मी कमी कुरकुरले असते. ऑक्टोबरच्या सुरुवातीला, लाल शाईच्या त्या ‘भेटावे’ला मान देऊन, मी सरांकडे गेले. ते रागावले नाहीत; ‘‘उशीर केलास,’’ म्हणाले आणि खडू उचलला.

यानंतर सारे सुरळीत झाले, असे नाही. दिवाळीच्या सुटीत दहा दिवस मी पुस्तकाला हात लावला नाही. पूर्वपरीक्षेत फिजिक्सला 70 पैकी 33 गुण मिळाले. फरक इतकाच की या वेळी उत्तरपत्रिका गादीखाली गेली नाही. त्याच संध्याकाळी ती अभ्यासिकेच्या टेबलावर होती.

21 फेब्रुवारी 2023 रोजी इंग्रजीच्या पेपरने बारावीची परीक्षा सुरू झाली आणि 25 मे रोजी निकाल लागला. मला 600 पैकी 431 गुण, म्हणजे 71.83 टक्के मिळाले. फिजिक्सच्या लेखी परीक्षेत 70 पैकी 49. शेजारच्या काकूंनी ‘‘दहावीपेक्षा कमीच झाले की गं,’’ असे म्हटले आणि ते खरेच होते. त्या रात्री मला शांत झोप लागली.

जूनमध्ये टेबलाच्या कप्प्याची किल्ली परत करायला मी अभ्यासिकेत गेले. ताई तिच्या जागीच होती. गुण विचारून झाल्यावर तिने सवयीने पुढचा प्रश्न टाकला, ‘‘आणि अजून काय येत नाही?’’

‘‘वेव्ह ऑप्टिक्स. त्यातही डिफ्रॅक्शन. आणि सेमीकंडक्टरमधला शेवटचा भाग.’’

तिने मान डोलावली आणि राज्यव्यवस्थेच्या पुस्तकात पुन्हा डोके घातले.