माजघर आणि खाडी एकाच चौकटीत

गुहागर तालुक्यात दाभोळ खाडीच्या दक्षिण काठावर, उतारावर बांधलेले एक जुने कौलारू घर विक्रीला निघाले होते आणि त्याची छायाचित्रे काढण्याचे काम माझ्याकडे आले. घराचे मालक निवृत्त शिक्षक. सारा गाव त्यांना गुरुजी म्हणत असे, म्हणून मीही तसेच म्हणू लागलो. त्यांची भावंडे मुंबईत होती आणि घर घेऊ इच्छिणारे गृहस्थ मस्कतला. म्हणजे घर प्रत्यक्ष पाहण्याआधी ते घ्यायचे की नाही याचा अर्धा निर्णय छायाचित्रांवरच होणार होता. एजंटने मोबाइलवर काढलेले फोटो मला आधीच पाठवले होते. ज्या फोटोत माजघर दिसत होते त्यात खिडकी पांढरीफटक होती, आणि ज्यात खिडकीतली खाडी दिसत होती त्यात माजघर काळेकुट्ट होते. त्याची मागणी एकच होती : माजघरात उभे राहिल्यावर जसे दोन्ही दिसते, तसे दोन्ही एका चित्रात हवे.

ही मागणी रास्त होती, कारण डोळ्याला ते सहज साधते. डोळा अंधाऱ्या कोपऱ्याकडे वळतो तेव्हा बाहुली मोठी होते, खिडकीकडे वळतो तेव्हा ती लहान होते, आणि या दोन पाहण्यांतून मेंदू एकच खोली उभी करतो. कॅमेऱ्याला मात्र एका उघडझापीत एकच मोजमाप लावता येते. भर उन्हात बाहेर एक लाख लक्सच्या (लक्स हे प्रकाश मोजण्याचे एकक) आसपास प्रकाश असतो. त्या माजघराच्या आतल्या कोपऱ्यात, माळ्याखाली, तो जेमतेम दहा-पंधरा लक्स भरला. छायाचित्रणात प्रकाश दुप्पट झाला की आपण एक स्टॉप म्हणतो. त्या हिशेबाने हा फरक बारा-तेरा स्टॉपचा होतो. चांगला फुल-फ्रेम सेन्सर, म्हणजे मोठ्या कॅमेऱ्यातला प्रकाश टिपणारा पडदा, कागदोपत्री चौदा स्टॉपपर्यंत पकडतो हे खरे. परंतु त्यांतल्या सर्वांत खालच्या तीन-चार स्टॉपमध्ये तपशिलापेक्षा दाणेच अधिक येतात, आणि जुन्या लाकडाचा पोत त्या दाण्यांत हरवून जातो. म्हणून एचडीआर, अर्थात एकाच दृश्याची कमी-अधिक प्रकाशमात्रेची अनेक छायाचित्रे घेऊन ती एकत्र करण्याची पद्धत. आजचे मोबाइलही आपापल्या परीने हेच करतात, पण हातात धरलेला मोबाइल अंधाऱ्या कोपऱ्यासाठी दहा सेकंद निश्चल राहू शकत नाही.

फेब्रुवारी अखेरचे दिवस होते. खाडी घराच्या उत्तरेला असल्यामुळे ऊन खिडकीतून आत येण्याचा प्रश्न नव्हता, आणि दक्षिणेकडे कललेल्या सूर्याचा प्रकाश समोरच्या दाभोळच्या काठावर सरळ पडत होता. अशी खिडकी मिळणे हे भाग्यच. भरतीचे गणित मात्र जुळवावे लागले. ओहोटीला या खाडीच्या कडेचा चिखल उघडा पडतो आणि एजंटला भरलेली खाडी हवी होती. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे दुपारच्या आत भरती येईल असा दिवस गुरुजींनीच पाहून ठेवला होता. ओहोटीचे चित्रही मी नंतर घेतले, कारण घर घेणाऱ्याला तो चिखलही रोज पाहायचा असतो.

माजघराची जमीन शेणाने सारवलेली होती. अशा जमिनीत ट्रायपॉडचे टोकदार पाय हळूहळू रुततात आणि लांब एक्स्पोजरमध्ये, म्हणजे शटर बराच वेळ उघडे असताना, चौकट किंचित खाली सरकते. म्हणून तिन्ही पायांखाली फळीचे तुकडे ठेवले. कॅमेरा छातीच्या उंचीवर आणि अगदी समपातळीत घेतला, कारण रुंद भिंगातून पाहताना तो जरासा जरी वर उचलला तरी खांब एकमेकांकडे झुकल्यासारखे दिसतात. आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, १०० आणि भिंगाचे छिद्र एफ/८ असे पक्के केले. छिद्र बदलून प्रकाश कमी-जास्त केला तर प्रत्येक चित्रात स्पष्टतेची खोली वेगळी येते आणि चित्रे नीट जुळत नाहीत, त्यामुळे बदलायचा तो फक्त शटरचा वेळ. उन्हातल्या खाडीसाठी १/४०० सेकंद, तेथून दोन-दोन स्टॉपच्या पायऱ्यांनी १/१००, १/२५ असे उतरत माळ्याखालच्या कोपऱ्यासाठी १० सेकंद. पहिल्या आणि शेवटच्या चित्रातल्या प्रकाशमात्रेत चार हजार पटींचे अंतर होते, म्हणजे बारा स्टॉप.

एजंटने घरातले सगळे दिवे लावून ठेवले होते; ते मी बंद करायला सांगितले. प्रकाशाचा रंग केल्विनमध्ये मोजतात : पिवळ्या दिव्याचा प्रकाश २७०० केल्विनच्या आसपासचा आणि खिडकीतला दिवसाचा ५५०० च्या वर. दोन्ही एकत्र आले की भिंतीचा एक भाग केशरी आणि दुसरा निळसर दिसतो, आणि एचडीआरमध्ये तो भेद अधिकच भडक होतो. ओटीवरचा झोपाळा कडीला बांधला. चुलीचा धूर निवेपर्यंत थांबलो, कारण छपरातल्या काचेच्या कौलातून उन्हाचा एक कवडसा खाली येत होता आणि त्यात धूर तरंगला तर प्रत्येक चित्रात त्याचा आकार वेगळा येऊन जोडताना भुतासारख्या छटा उमटतात. खिडकीबाहेरच्या माडांच्या झावळ्यांची मला चिंता नव्हती. तो भाग सर्वांत लहान एक्स्पोजरमधूनच घ्यायचा होता. कवडसा मात्र सारखा सरकत असतो, म्हणून मालिका एका दमात, रिमोटने, कॅमेऱ्याला हात न लावता पूर्ण केली.

ओटीवर बसून लॅपटॉपवर रॉ फायली, म्हणजे कॅमेऱ्याने कोणतीही प्रक्रिया न करता साठवलेली मूळ चित्रे, उघडल्या तेव्हा गुरुजी शेजारी येऊन बसले. त्यांनी विचारले की हा अलीकडचा शोध आहे का. मी त्यांना सांगितले की गुस्ताव ले ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५० च्या दशकातच समुद्राची चित्रे करताना आकाशाची एक आणि पाण्याची दुसरी अशा दोन निगेटिव्ह एका कागदावर छापल्या होत्या. अडचण हीच होती, एका काचेवर दोन्ही मावत नव्हते. संगणकावर अनेक एक्स्पोजर जोडून मूळ दृश्यातल्या प्रकाशाचे प्रमाण परत मिळवण्याची पद्धत १९९५ मध्ये स्टीव्ह मान आणि रोझलिंड पिकार्ड यांनी मांडली, आणि १९९७ मध्ये पॉल डेबेवेक आणि जितेंद्र मलिक यांच्या शोधनिबंधाने ती सर्वत्र पोहोचली. शिक्षकाला साल सांगितले की तो ते लक्षात ठेवतो. संध्याकाळी जेवताना गुरुजींनी ती सगळी सालवारी मला जशीच्या तशी ऐकवली.

१० सेकंदांचे चित्र मी पूर्ण आकारात उघडले आणि दाणे तपासण्यासाठी छताच्या कोपऱ्याकडे सरकलो. त्या चित्रात खिडकी म्हणजे नुसता पांढरा चौकोन होता, पण माळ्याखालचे वासे एकेक करून मोजता येत होते. आणि जेथे मोठी तुळई जांभ्याच्या भिंतीत शिरते तेथे तुळईवर तांबूस मातीची एक बारीक रेघ चढलेली दिसली, पुढे तिला दोन फाटे फुटलेले. गुरुजी चष्मा सारून पडद्याकडे वाकले. “हे जरा मोठं करा,” ते म्हणाले. मी मोठे केले. मग ते काही न बोलता उठले, बॅटरी आणि शिडी घेऊन आले, आणि कोयत्याचे टोक तुळईच्या त्या टोकाला लावताच वरचा पापुद्रा फुटून आतून भुसा खाली आला. वाळवी होती. त्या घरात जन्म काढलेल्या माणसाला ती दिसली नव्हती, कारण त्या कोपऱ्यात डोळ्याला पुरेल इतका उजेड कधी पडलाच नव्हता.

एजंट तेथेच होता. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, “सर, तेवढा कोपरा काळाच राहू द्या, नाहीतर पुसून टाका. प्रत्यक्षात तरी तो कुठे दिसतोय?”

त्याच्या म्हणण्याचा पहिला अर्धा भाग तांत्रिकदृष्ट्या चुकीचा नव्हता, आणि म्हणूनच मला तो गांभीर्याने घ्यावा लागला. बारा स्टॉपची ही सामग्री पडद्याच्या मर्यादेत बसवताना, म्हणजे टोन मॅपिंग करताना, कोणती सावली किती उचलायची हे छायाचित्रकारच ठरवतो. मी सावल्या कधीच पूर्ण उचलत नाही. विक्रीच्या छायाचित्रांत जे एचडीआर नेहमी दिसते, ज्यात प्रत्येक कोपरा सारखाच उजळ, भिंतीच्या कडांना प्रभावळ आणि आकाश शिशासारखे करडे असते, ते मला घराविषयी खोटे बोलल्यासारखे वाटते. माजघर अंधारे असते म्हणूनच वैशाखात थंड राहते; ते दिवाणखान्यासारखे लख्ख दाखवले तर येणारा माणूस उंबरठ्यावरच फसवला गेल्यासारखा थबकतो. पुण्यात बांधकाम व्यावसायिकांसाठी काम करतानाही मी हेच सांगतो. तेथे तर रेरा या स्थावर मालमत्ता नियमन कायद्याचे कलम १२ आहे : जाहिरातीतल्या चुकीच्या माहितीवर विसंबून पैसे भरणाऱ्याचे नुकसान झाले तर विकसकाला भरपाई द्यावी लागते. गुरुजींच्या घराला ते कलम लागू नव्हते. पण डोळ्याला जे अंधारात दिसते ते चित्रात अंधारात ठेवणे वेगळे, आणि ठाऊक झालेली वाळवी ब्रशने पुसणे वेगळे. दुसऱ्या कामाला मी नकार दिला.

निर्णय अखेर गुरुजींनी केला. माजघराचे मुख्य चित्र मी मर्टेन्स, काउट्झ आणि व्हान रीथ यांनी २००७ मध्ये मांडलेल्या एक्स्पोजर फ्यूजनच्या पद्धतीने केले. त्यात प्रत्येक चित्रातला नीट उतरलेला भाग वजन देऊन जोडला जातो आणि कडांना सहसा प्रभावळ येत नाही. खिडकीत भरलेली खाडी आली, पण तिला मी घराबाहेरच्या उन्हाइतकीच, खोलीपेक्षा स्पष्ट उजळ ठेवली. माळ्याखालचा कोपरा सावलीतच राहिला. त्याच्याबरोबर तुळईच्या टोकाचे जवळून घेतलेले, पूर्ण उजेडातले स्वतंत्र चित्र जोडले आणि त्याखाली गुरुजींनी स्वतः मजकूर लिहून दिला : तुळईच्या पूर्वेकडील टोकाला वाळवी, दुरुस्ती बाकी. एजंटला ते पसंत नव्हते. मस्कतला मात्र सगळी चित्रे एकत्रच गेली.

तिकडून आलेला पहिला प्रश्न खाडीबद्दल नव्हता. त्या गृहस्थांनी १० सेकंदांची मूळ फाइल मागवली, चिपळूणच्या आपल्या ओळखीच्या अभियंत्याला पाठवली, आणि त्याने त्याच चित्रावर खुणा करून आणखी दोन वाशांची टोके तपासायला सांगितली. त्यांतला एक वासा पोखरलेला निघाला, दुसरा शाबूत होता. पावसाळ्याच्या आत सुताराने तुळईचे कुजलेले टोक कापून किंजळीचा जोड दिला, त्याचा खर्च किमतीतून वळता झाला आणि व्यवहार पुरा झाला. तेव्हापासून जुने घर टिपताना मी छताच्या चारही कोपऱ्यांचे सर्वांत लांब एक्स्पोजर वेगळे घेतो आणि जाहिरातीची चित्रे एजंटकडे जाण्याआधी ते मालकाच्या हाती देतो.