प्रागला हिवाळ्यात जाताय? आधी हे वाचा, मग हॅम खा

डिसेंबर २०२४ मध्ये आम्ही दोघं प्रागला जाऊन आलो, १९ ला पोचलो आणि २५ ला निघालो. जाण्याआधी जेवढे व्हिडिओ बघितले त्या सगळ्यात एकच पालुपद होतं, प्राग म्हणजे युरोपातलं स्वस्त शहर. कोणाला स्वस्त ते मला अजून कळलेलं नाही. शहर सुंदर आहे, त्याबद्दल वादच नाही, पण ते बाकीच्यांनी भरभरून लिहिलंय. मी जे कोणी सांगितलं नाही ते लिहितेय.

सुरुवात पैशांपासून. चेक लोक युरोपियन युनियनमध्ये असले तरी चलन कोरुना आहे, युरो नाही. आम्ही गेलो तेव्हा एक कोरुना म्हणजे साधारण साडेतीन रुपये. एटीएममधून काढताना मशीन विचारतं, रुपयांत कन्व्हर्ट करून देऊ का, आणि हो म्हणायचं बटण मोठं हिरवं असतं. नाही म्हणा. परत विचारेल, परत नाही म्हणा. रक्कम कोरुनातच कापू द्या, बँक जो रेट लावेल तो त्या मशीनपेक्षा बरा असतो. कॅश बदललीच आणि नंतर लक्षात आलं की रेट भिकार होता, तर तीन तासांच्या आत पावती घेऊन परत जा, १००० युरोपर्यंतचा व्यवहार रद्द करून पैसे परत द्यावे लागतात, २०१९ पासून तसा कायदाच आहे. पावती फेकू नका एवढंच.

आता हॅम. गुरुवारी पोचलो, दुबईमार्गे, अंगाचा भुगा झालेला. एअरपोर्टवरून ५९ नंबरची ट्रॉलीबस, मग हिरवी मेट्रो, हॉटेलात बॅगा टाकल्या आणि थेट ओल्ड टाऊन स्क्वेअर. ख्रिसमस मार्केट, भलंमोठं झाड, गाणी, धूर, लाकडाच्या जाळावर फिरणारे हॅमचे मोठमोठे तुकडे. वास असा की नवरा आपोआप तिकडे ओढला गेला. माझा मार्गशीर्षातला गुरुवार होता म्हणून मी नुसती बघत उभी, आणि म्हणूनच बहुतेक मला सगळं नीट आठवतंय. पाटीवर मोठ्ठ्या आकड्यात १२९. आम्ही मनात हिशोब केला, साडेचारशे रुपये प्लेट, जत्रेतलं खाणं आहे, ठीक आहे. याने एक बोट दाखवलं, म्हणजे एक प्लेट. त्या माणसाने सुरी घेतली, हा एवढा जाड तुकडा कापला, तो ठेवला, त्यावर अजून एक ठेवला, काट्यावर टाकला आणि आकडा सांगितला ५४२. मला वाटलं कानात दडे बसलेत. मी म्हटलं एकशे एकोणतीस ना? त्याने काही न बोलता बोटाने पाटीचा कोपरा दाखवला. तिथे मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलेलं, १०० ग्रॅम. वजन भरलं होतं ४२० ग्रॅम. जवळपास १९०० रुपयांचं हॅम, एका माणसाला, कागदी प्लेटमध्ये, बसायला जागा नाही आणि सोबत ब्रेडचा एक तुकडा.

बरं भांडायचं तरी कशावर, पाटीवर लिहिलेलं आहे, फसवणूक म्हणताच येत नाही. आमच्याकडे मच्छीवाली वाटा लावते तो डोळ्यांना दिसतो, एवढ्याला एवढं, पटलं तर घ्या. इथे आकडा दिसतो आणि माल कापल्यावर कळतो. नवरा म्हणाला जाऊ दे आता गरम आहे तोवर खाऊ दे, आणि खाल्लं त्याने, सगळं, शेवटी शेवटी नुसतं मीठ लागत होतं म्हणे. मी शेजारी उभी राहून मनातल्या मनात घासाला रुपये मोजत होते.

तर घ्यायचंच असेल तर दोन शब्द पाठ करून जा, 'स्तो ग्रामू', म्हणजे शंभर ग्रॅम. कापायच्या आधी बोला आणि काट्यावर नजर ठेवा. शंभर बरोबर देणार नाही, दीडशेच्या आसपास येईल, तेवढं एका माणसाला पुष्कळ. तिथला बटाट्या-कोबीचा परातीतला प्रकारही असाच वजनावर असतो. नंतर रोज त्या चौकातून जाताना आम्ही बघायचो, दर पाच मिनिटांनी एखादं जोडपं प्लेट हातात घेऊन तोंड उघडं टाकून उभं. शनिवारी तर मी दोन मुलींना आधीच थांबवलं, तो माणूस माझ्याकडे बघत होता, बघू दे.

त्या चौकात फिरणारा गोड रोल मिळतो, त्याला तर्देलनीक म्हणतात, सगळीकडे 'जुना चेक पदार्थ' अशी पाटी. प्रागचा तो पारंपरिक वगैरे काही नाही, पर्यटकांसाठी गेल्या काही वर्षांत बोकाळलाय. गरम असताना हात शेकायला बरा. स्वार्झाक म्हणजे गरम मसाल्याची वाईन, ती मात्र घ्या, चौकापासून दोन गल्ल्या लांब.

खरं जेवण स्वस्त आहे, पण ते दुपारी आणि सोमवार ते शुक्रवारच. अकरा ते दोनच्या दरम्यान ऑफिसवाल्यांसाठी 'पोलेद्नी मेनू' लावतात, सूप, गुलाश आणि त्यासोबत क्नेडलिक, म्हणजे वाफवलेल्या पावाच्या चकत्या. आम्हाला दोनशे कोरुनाच्या आत पोटभर मिळालं. शाकाहारी लोकांना तळलेलं चीज, 'स्मझेनी सीर', सगळीकडे मिळतं, दोन दिवस आवडतं, तिसऱ्या दिवशी नको होतं. लसणाचं सूप अप्रतिम, थंडीवर औषध. टेबलावर न मागता ब्रेडची टोपली आली तर ती फुकट नसते, आणि पाणीही फुकट समजू नका. बिअर पाण्यापेक्षा स्वस्त ही गोष्ट काही ठिकाणी खरी निघाली.

शुक्रवारी ट्रेनने कुत्ना होराला गेलो, हाडांचं चर्च बघितलं, आत फोटो काढू देत नाहीत, दिवस छान गेला, काहीच अडचण आली नाही त्यामुळे लिहिण्यासारखं काही नाही.

शनिवारी आमचं प्लॅनिंग तोंडावर आपटलं. ज्यू लोकांची जुनी वस्ती योसेफोव्ह बघायला गेलो तर सगळं बंद. शनिवार म्हणजे त्यांचा शब्बाथ, सुट्टीचा वार, एवढी साधी गोष्ट डोक्यात आली नाही. मग वेळ घालवायला ओल्ड टाऊन स्क्वेअरमधलं ते प्रसिद्ध खगोलीय घड्याळ. १४१० सालचं आहे, समोर उभं राहून तबकड्या बघा, सूर्य कुठल्या राशीत आहे तेसुद्धा त्यावर कळतं, ते खरंच भारी. पण दर तासाला जो खेळ होतो त्यासाठी अर्धा तास आधी जाऊन गर्दीत उभं राहू नका. सांगाडा घंटी वाजवतो, खिडकीतून बारा बाहुले जातात, कोंबडा आरवतो, संपलं, एक मिनिटसुद्धा नाही. सगळे माना वर करून असतात आणि तेवढ्यात पाकीटमार खाली आपलं काम करतात.

संध्याकाळी मात्र नशिबाने भरपाई केली. चार वाजता अंधार पडायला लागतो तेव्हा चार्ल्स ब्रिजवर काळ्या कोटातला एक माणूस लांब काठी घेऊन एकेक गॅसबत्ती हाताने पेटवत जातो, फक्त ख्रिसमसच्या आधीचे आठवडे. आम्ही त्याच्या मागे मागे अख्खा पूल चाललो, अर्धा किलोमीटर, दोन्ही बाजूंना तीस पुतळे, खाली व्लतावा नदी काळीकुट्ट. पुलाची पायाभरणी १३५७ साली ९ जुलैला पहाटे ५ वाजून ३१ मिनिटांनी केली म्हणे, आकडे ओळीत मांडले तर १-३-५-७-९-७-५-३-१ असे चढून उतरतात. दंतकथा असेल, पण मुहूर्त काढणारा राजा म्हटल्यावर नवऱ्याला एकदम घरचं वाटलं. दुसऱ्या दिवशी पहाटे सातला परत गेलो, आम्ही आणि चार-पाच फोटोवाले, बस. दहानंतर तिथे जाऊच नका, लोकलचा ब्रिज होतो.

आता रविवार, म्हणजे किल्ला, म्हणजे मी पडले ती जागा.

आधी सांगते, आम्ही नाशिकचे, दर आठवड्याला पांडवलेणी, हरिहर दोनदा चढून उतरलोय, त्या खड्या पायऱ्या तोंड डोंगराकडे करून उतरायच्या असतात ते ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. त्यामुळे शहरातल्या किल्ल्याच्या पायऱ्यांना आम्ही काय घाबरणार. ट्रेकिंगचे शूज, थर्मल, हातमोजे सगळं होतं. तुमच्याकडेही असेलच, नसेल तर डिसेंबरात येऊ नका.

वर जायला २२ नंबरची ट्राम पकडा, 'प्राझ्स्की ह्राद' स्टॉप, चढ वाचतो. तिकीट आम्ही गेलो तेव्हा ४५० कोरुना होतं, दोन दिवस चालायचं, अंगणात फिरायला तिकीट लागत नाही. रविवारी सकाळी सेंट व्हायटस कॅथेड्रलमध्ये प्रार्थना असते, पर्यटकांना बारानंतर सोडतात, आम्हाला ते रांगेत उभं राहिल्यावर कळलं, थंडीत पाऊण तास. आत गेल्यावर राग गेला. १३४४ ला बांधायला घेतलं आणि १९२९ ला पूर्ण झालं, आपली पुलाची कामं यापेक्षा बरी असं नवरा म्हणाला. जुन्या राजवाड्यात ती खिडकी दाखवतात जिथून १६१८ ला अधिकाऱ्यांना बाहेर फेकलं आणि पुढे तीस वर्षांचं युद्ध पेटलं. गोल्डन लेनमध्ये २२ नंबरच्या निळ्या घरात काफ्का काही महिने लिहायला बसायचा, घर केवढं, तर आपल्या बाथरूमपेक्षा जरा मोठं. हिवाळ्यात चारला तिकिटवाला भाग बंद होतो. चारनंतर ती गल्ली फुकट असते, पण घरं बंद.

तर आम्ही चारला बाहेर पडलो, पूर्वेकडच्या दरवाजातून, आणि समोर मालोस्त्रान्स्का मेट्रोकडे उतरणाऱ्या जुन्या पायऱ्या. उतार फार नाही, रुंद रुंद पायऱ्या, दोन्हीकडे भिंती. दुपारी भुरभुर पाऊस झालेला आणि सूर्य गेल्यागेल्या तो दगडावर गोठलेला. बर्फ दिसतो तेव्हा माणूस सांभाळतो, इथे काही दिसतच नाही, दगड नुसता ओला वाटतो. मी मोबाईलवर मेट्रोची वेळ बघत होते. पुढचं कळलंच नाही, थेट बुडावर, मग दोन पायऱ्या घसरत खाली. माकडहाड असं ठणकलं की डोळ्यांपुढे काजवे. ट्रेकिंग शूजचा सोल खडकावर, मातीवर पकडतो, काचेसारख्या गोठलेल्या दगडावर त्याचा काही उपयोग नाही. मी बसलेली असताना बाजूने सत्तरीच्या एक बाई हातात भाजीची पिशवी घेऊन टकटक टकटक उतरून गेल्या. त्यांच्या बुटांना खाली रबराचं जाळं आणि त्याला लोखंडी खिळे होते. त्याला तिथे 'नेस्मेकी' म्हणतात, खेळाच्या दुकानात मिळतात, घडी करून खिशात मावतात. पहिल्या दिवशी घ्या. हरिहर वगैरे सगळं घरी ठेवा.

उरलेल्या पायऱ्या मी कठडा धरून उतरले, पंचवीस मिनिटं लागली. हॉटेलवर रिसेप्शनला म्हातारे आजोबा होते, त्यांनी माझं चालणं बघितलं आणि काही न विचारता खुणेने दाखवलं, जाड लोकरी मोजे बुटाच्या वरून घाला. मला वाटलं चेष्टा करतायत. सोमवारी नवऱ्याचे जुने मोजे बुटांवर चढवून योसेफोव्हला गेले, आणि खरंच, एकदाही पाय सरकला नाही. फोटोत ध्यान दिसते, दिसू दे. तिथल्या पिंकास सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनाघराच्या, भिंतींवर नाझींनी मारलेल्या सुमारे ७८,००० माणसांची नावं हाताने लिहिलेली आहेत, ओळीमागून ओळ, आडनाव, नाव, तारखा. तिथे पाऊण तास उभी होते, माकडहाड आठवलं नाही.

ट्राम-मेट्रोचं वेळ न छापलेलं कागदी तिकीट घेतलं की पिवळ्या मशीनमध्ये एकदा छापून घ्या, नाहीतर ते तिकीटच नाही. चेकर साध्या कपड्यात असतात आणि पर्यटक आहोत सांगून काही होत नाही. ७२ तासांचा पास ३३० कोरुनाला होता, तो परवडला.

२४ तारखेबद्दल कोणीच सांगितलं नव्हतं. तिकडे ख्रिसमस म्हणजे २४ ची संध्याकाळ. कायद्यानेच मोठी दुकानं दुपारी बाराला बंद, पुढचे दोन दिवसही बंद. चौकाचौकात निळ्या टाक्यांमध्ये जिवंत कार्प मासे, लोक रांगेत, काही जण जिवंतच पिशवीत घालून घरी नेतात, तेच त्यांचं सणाचं जेवण. आम्ही मजेत ते बघत बसलो आणि साडेबाराला सुपरमार्केटपाशी गेलो तर शटर खाली. रेस्टॉरंट एक बंद, दुसरं बंद, तिसऱ्यात फक्त बुकिंगवाले. ट्रामही कमी. शेवटी रूममधल्या किटलीत मॅगी आणि सासूबाईंनी दिलेल्या भाजणीच्या चकल्या, ज्या मी 'कशाला वजन' म्हणून काढून ठेवणार होते. तेव्हा २३ लाच ब्रेड, चीज, फळं घेऊन ठेवा, किंवा २४ चं टेबल आठवडाभर आधी बुक करा.

हॉटेल नवऱ्याच्या हट्टापायी ओल्ड टाऊनच्या आत घेतलं होतं, 'बाहेर पडलं की सगळं समोर'. समोर होतंच, पण गल्लीत गाडी येत नाही आणि फुटपाथ म्हणजे चौकोनी दगडांचा खच. विनोह्राडी भागाकडे राहा, मेट्रोने दहा मिनिटं, झोपही शांत लागते. २५ ला सकाळी व्हिएन्नाची ट्रेन होती, चार तासांची. अंधारात, बुटांवर मोजे, माकडहाड दुखतंय, आणि मी ती मोठी बॅग दगडांवरून ओढतेय, खडखडाट असा की वरच्या खिडकीत कोणीतरी दिवा लावला. स्टेशनच्या अलीकडे खट्ट झालं. चाक गेलं. नवरा मोबाईलचा उजेड लावून शोधायला लागला, मी म्हटलं राहू दे, ट्रेन जाईल.