उरलेला एक हायड्राइड

मंगळवार, १२ ऑगस्ट. पाषाण.

रात्रीचे साडेदहा. पावसाने वाळत घातलेले कपडे तिसऱ्या दिवशीही ओलेच. दारातून आत शिरले तर रूममेट म्हणाली, "काय गं, लोणचं घालून आलीस?" लॅबमधलं ॲसेटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरचं आम्ल. साबणाने दोनदा हात धुतले तरी वास जात नाही.

माझा रेणू कागदावर अगदी गरीब दिसतो. एका टोकाला आल्डिहाइड (कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंधाचा चटपटीत गट), मधे दोन मिथाइल लावलेला कार्बन, पलीकडे कीटोन (तसाच बंध, पण जरा मंद). आल्डिहाइडचा अल्कोहोल व्हावा आणि कीटोनला धक्का लागू नये, एवढंच मागणं. गेल्या आठवड्यात सोडियम बोरोहायड्राइड बर्फात, चिमूटभर घालून पाहिलं. टीएलसी प्लेटवर (मिश्रणातले पदार्थ तिच्यावर वेगवेगळे ठिपके होऊन दिसतात) मूळ पदार्थ, हवा तो आणि दोन्हीकडे क्षपण (हायड्रोजन मिळणं) होऊन बसलेला डायॉल, म्हणजे दोन अल्कोहोलवाला, असे तीन ठिपके ओळीने. सर नुसतं "हं" म्हणाले. त्यांचं "हं" मला आता चांगलं कळतं.

म्हणून आज त्याचा सौम्य भाऊ, सोडियम ट्रायॲसिटॉक्सीबोरोहायड्राइड. बोरोहायड्राइडच्या बोरॉनवर चार हायड्राइड (ऋणभारित हायड्रोजन, क्षपण तेच करतात) असतात. तीन समतुल्य ॲसेटिक ॲसिड थेंबथेंब सोडलं की तीन जण हायड्रोजन वायू होऊन निघून जातात. बबलर बुडबुडतो, ते बघत बसायला मला आवडतं (काम टाळण्याचा सगळ्यात सभ्य मार्ग). त्यांच्या जागी बसलेले ॲसिटॉक्सी गट इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतात आणि जागाही अडवतात, त्यामुळे उरलेला चौथा हात आखडता घेतो. आल्डिहाइडला देतो, साध्या कीटोनला सहसा नाही. ग्रिबल आणि फर्ग्युसन यांनी हे १९७५ मध्येच दाखवलं होतं. त्यांनी द्रावक म्हणून बेंझीन वापरलं होतं, आम्ही टीएचएफ.

चार वाजता प्लेट बघितली आणि उडालेच. एकच नवा ठिपका, डीएनपीत (आल्डिहाइड-कीटोनला रंग देणारं द्रावण) केशरी, म्हणजे कीटोन शाबूत. मूळ पदार्थ थोडाच शिल्लक. इथेच थांबायचं होतं. पण हाव सुटली. म्हटलं, तेवढाही संपू दे, तोवर मिसळ खाऊन येते.

परत आले तर खाली तिसरा पाहुणा. डीएनपी त्याला रंगच देईना. डायॉल!

आधी पाण्यावर, मग बाटलीवर, मग स्वतःवर संशय घेतला. शेवटी लॅबमधल्या सीनियर ताईंनी माझ्याच वहीत आकृती काढली. आल्डिहाइडपासून तयार झालेला नवा हायड्रॉक्सिल (अल्कोहोलचा ओएच गट) एका ॲसिटॉक्सीला हटवून बोरॉनला जाऊन चिकटला असणार. मग हायड्राइड बाहेरून यायची गरजच उरत नाही. सहा अणूंच्या कड्यातून तो शेजारच्या कीटोनवर आतूनच पोचतो. बाहेरून आलेल्याला दाद न देणारा गडी घरात बसल्यावर एवढा मोकळा होतो! इव्हान्सच्या गटाने १९८८ मध्ये याच वर्तनातून बीटा-हायड्रॉक्सी कीटोनपासून (कीटोनपासून एक कार्बन सोडून हायड्रॉक्सिल, माझ्यासारखाच) अँटी डायॉल (दोन्ही हायड्रॉक्सिल विरुद्ध बाजूंना) मिळवायची पद्धत बसवली. त्यांच्या अभिक्रियाकारकात सोडियमऐवजी टेट्रामेथिलअमोनियम होतं. माझा अपघात म्हणजे त्यांचा पेपर.

"सौम्य" हे बाटलीवर लिहायला सोपं. कुणाच्या शेजारी सौम्य, ते लेबलवर मावत नाही.

उद्या: तीन वाजल्यापासून दर वीस मिनिटांनी प्लेट. दहावा हिस्सा आल्डिहाइड उरला तरी थांबवायचं, तो कॉलममधून (पदार्थ वेगळे करायची नळी) परत मिळेल. मिसळ वर्कअपनंतर, म्हणजे अभिक्रिया थांबवून आवरल्यावर. आजचा डायॉल फेकला नाही, कुपीत झाकून ठेवलाय. ताई म्हणाल्या, त्याचा एनएमआर (रेणूची रचना दाखवणारा आलेख) काढून ठेव.