ईडनवरचा गोल

पेले गेला तेव्हा साव पावलोत दुपारचे तीन वाजून २७ मिनिटं झाली होती. आपल्याकडे रात्रीचे ११.५७. आणखी तीन मिनिटं गेली असती तर भारतीय वेळेनुसार तारीख बदलली असती, आणि काहींनी ती बदलून टाकलीही. आम्ही २९ डिसेंबर २०२२ छापली. क्रीडा डेस्कवर अशा अचूकपणाची दखल कोणी घेत नाही. चुकलं की मात्र सकाळी सातला फोन वाजतो.

बातमी हाती आली तेव्हा मध्यरात्र उलटली होती. बाहेरगावची डाक आवृत्ती गाड्यांत चढली होती. शहर आवृत्तीच्या पानावर मेलबर्न कसोटी, वॉर्नरचं शंभराव्या कसोटीतलं द्विशतक आणि खाली रणजीचे धावफलक होते. पहिल्या पानावरची दोन कॉलमांची जागा मोकळी करून घेतली, क्रीडा पानावरचं मेलबर्न खाली ढकललं, रणजी आखडली. मजकूर तयारच होता. मृत्युलेख आधी लिहून ठेवतात हे ऐकून बाहेरच्यांना विचित्र वाटतं. पण पेले २९ नोव्हेंबरपासून रुग्णालयात होता, आधीच्या वर्षी त्याच्या आतड्यातली गाठ काढली होती, आणि वय ८२. त्या महिन्यात प्रत्येक डेस्कवर तो लेख तयार असणार.

तयार लेखातही आकडे हलत असतात, हे मात्र फार जण लक्षात घेत नाहीत. आमच्या लेखात ब्राझीलसाठी ७७ गोल हा विक्रम ‘आजही अबाधित’ होता. ९ डिसेंबरला क्रोएशियाविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात नेयमारने ७७वा गोल केला आणि ते दोन शब्द खोटे झाले. ते त्याच रात्री बदलले होते म्हणून २९ तारखेला धावपळ झाली नाही.

खरी झटापट एकूण गोलांच्या आकड्याची. वरून फर्मान आलं, मोठ्या टायपात एक आकडा हवा. कुठे १२७९, कुठे १२८१, कुठे १२८३. हा कोणाचा निष्काळजीपणा नाही. पेलेचा ब्राझीलमधला क्लब सांतोस त्या काळी जगभर फिरून प्रदर्शनी सामने खेळायचा, त्यावर क्लबचा खर्च चालायचा. पेलेने लष्करी संघाकडूनही गोल केले. काय मोजायचं आणि काय सोडायचं यावर आकडा ठरतो. डिसेंबर २०२० मध्ये मेस्सीने बार्सिलोनासाठी ६४४वा गोल करून एकाच क्लबसाठीचा पेलेचा ६४३ गोलांचा विक्रम मोडला, तेव्हा सांतोसने ठणकावून सांगितलं की आमच्या हिशोबात त्याचे १०९१ आहेत. मित्रत्वाच्या सामन्यांतले ४४८ तुम्ही का सोडता? आम्ही मथळ्यात ‘बाराशेहून अधिक’ लिहिलं आणि चौकटीत तीनच पक्के आकडे दिले: विश्वचषकात १२, ब्राझीलसाठी ७७, सांतोससाठी अधिकृत ६४३. मोठ्या टायपातला एक आकडा मिळाला नाही म्हणून मार्केटिंगवाले हिरमुसले. त्यांना फुटबॉलमधलं काही कळतं असा माझा समज कधीच नव्हता.

दुसऱ्या दिवशी चाहत्यांच्या आठवणींचं अख्खं पान करायचं ठरलं होतं. ३० तारखेच्या पहाटे रुरकीजवळ ऋषभ पंतची गाडी दुभाजकावर आदळली आणि क्रीडा पानाचा धनी बदलला. पंतप्रधानांच्या मातोश्रींचं निधन झाल्याने पहिलं पानही भरलं. वर्षाअखेरीच्या जाहिराती होत्याच. अख्ख्या पानाचं अर्धं झालं, अर्ध्याचे चार कॉलम. आठवणी मात्र येतच राहिल्या. सकाळी मोबाइल क्रमांक छापला होता. दुपारपर्यंत त्यावर इतका मजकूर साचला की वाचायलाच दोघं लागले.

तो वाचताना एक गोष्ट ठळकपणे दिसत गेली. गोलांचा बादशहा म्हणून ज्याला निरोप द्यायचा, त्याचे न झालेले गोल लोकांच्या मनात जास्त पक्के बसले होते. १९७०च्या मेक्सिकोतल्या तीन चाली जवळपास प्रत्येक पत्रात होत्या. चेकोस्लोव्हाकियाविरुद्ध स्वतःच्या अर्ध्या मैदानातून मारलेला फटका. गोलरक्षक विक्टर पुढे आला होता, चेंडू खांबाच्या जरासा बाहेरून गेला. इंग्लंडविरुद्ध जैरझिन्होच्या क्रॉसवर खाली ठोकलेला हेडर, जो गॉर्डन बँक्सने उडी मारून बारवरून बाहेर काढला. आणि उपांत्य सामन्यात उरुग्वेचा गोलरक्षक माझुरकिएविच. चेंडूला स्पर्शच न करता पेले त्याच्या एका बाजूने गेला, चेंडू दुसऱ्या बाजूने, आणि पलीकडे गाठून मारलेला फटका दूरच्या खांबाबाहेरून. तिन्ही वेळा गोल नाही. त्या स्पर्धेत त्याचे गोल चार: एक चेकोस्लोव्हाकियाविरुद्ध, दोन रुमानियाविरुद्ध, एक अंतिम सामन्यात इटलीविरुद्ध हेडरने. रुमानियाविरुद्धच्या दोन गोलांचा एकाही पत्रात उल्लेख नव्हता. उलट उरुग्वेविरुद्धच्या त्या चालीला अनेकांनी बिनदिक्कत ‘गोल’ म्हटलं होतं.

ओव्हरहेड किकचं प्रकरण वेगळंच. १९६५ मध्ये रिओच्या माराकाना मैदानावर बेल्जियमविरुद्ध अल्बर्टो फरेराने टिपलेलं छायाचित्र जगप्रसिद्ध आहे. तो सामना मित्रत्वाचा होता, पण लोक ते सर्रास विश्वचषकाला चिकटवतात. कहर म्हणजे, काहींनी वर्णन केलेला गोल १९८१च्या इंग्रजी चित्रपटातला निघाला, ज्यात पेलेबरोबर सिल्व्हेस्टर स्टॅलोन गोलरक्षक आहे. ‘जर्मन बचावपटू बघतच राहिले’ असं वाचलं की ओळखायचं.

कोल्हापुरातून आलेला मजकूर सर्वांत भरभरून होता. त्यातल्या कोणी पेलेला पाहिल्याचा दावा केला नव्हता. पाटाकडील, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ यांच्या सामन्यांना शाहू स्टेडियमवर जी पिढी वाढली, तिने पेले ऐकला होता: वर्तमानपत्रातून, थिएटरातल्या न्यूजरीलमधून, थोरल्या भावाकडून. अशा आठवणी तपासायला सोप्या. ‘वडिलांनी सांगितलं’ असं लिहिलं की तथ्याचा भार वडिलांवर जातो.

एका वाचकाने सांगितलेला हजाराव्या गोलाआधीचा किस्सा मला फार आवडला, आणि तो खराही आहे. नोव्हेंबर १९६९ मध्ये साल्वादोरला बाहियाविरुद्ध पेलेचा फटका यजमानांच्याच बचावपटूने गोलरेषेवरून बाहेर काढला, तर घरच्या प्रेक्षकांनी आपल्याच माणसाची हुर्यो उडवली. हजारावा आपल्या गावात व्हायला हवा होता! तो झाला १९ नोव्हेंबरला माराकानावर, वास्कोविरुद्ध, पेनल्टीवर. गोलरक्षक आंद्रादाचा हात जवळजवळ पोहोचला होता.

आणि मग ते पत्र. मुंबईजवळच्या उपनगरातून, चार पानं, सुबक अक्षर, नातवाने फोटो काढून पाठवलेलं. वय सत्तरीच्या पुढे. २४ सप्टेंबर १९७७ला कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागान विरुद्ध न्यूयॉर्क कॉसमॉस (पेलेचा तेव्हाचा अमेरिकी क्लब) हा सामना आपण प्रत्यक्ष पाहिला, दोन मित्रांबरोबर गीतांजली एक्स्प्रेसने गेलो, आणि ‘पेलेने या डोळ्यांदेखत गोल केला’.

डोक्यात दोन घंटा वाजल्या. गीतांजली सुरू झाली २६ डिसेंबर १९७७ला, म्हणजे सामन्यानंतर तीन महिन्यांनी. आणि पेलेने त्या सामन्यात गोल केला नाही. सामना २-२ सुटला. कॉसमॉसकडून कार्लोस अल्बर्टो आणि किनाग्लिया, मोहन बागानकडून श्याम थापा आणि मोहम्मद हबीब.

अशा वेळी सोपा मार्ग म्हणजे पत्र बाजूला ठेवणं. पण सामना न पाहिलेला माणूस चार पानं लिहीत नाही. पाहिला की नाही हे ठरवायला थेट ‘तुम्ही खरंच गेला होतात का?’ असं विचारायचं नसतं. समोरचा चिडतो आणि पुढचं सगळं बिघडतं. ज्याचं उत्तर ऐकीव माणसाला सुचणार नाही असे बारीकसारीक प्रश्न विचारायचे. मी फोन लावला.

“काका, मैदान कसं होतं हो?”

“चिखल. पाऊस झालेला. चेंडू उसळतच नव्हता. पेले फार पळाला नाही, पळणार कसा? आणि तो त्यांचा गौतम सरकार सावलीसारखा मागे.”

बरोबर. गौतम सरकारवर पेलेला रोखण्याची जबाबदारी होती, बागानचे प्रशिक्षक पी. के. बॅनर्जींनी सोपवलेली.

“गोलरक्षक आठवतो?”

“शिवाजी बॅनर्जी. पेलेच्या पायावर झेप घेतली त्याने. लोक उभे राहिले.”

हेही बरोबर. मग बागान २-१ पुढे गेल्याचं त्यांनी न विचारता सांगितलं, आणि शेवटाकडे कॉसमॉसला मिळालेली पेनल्टी कशी वादग्रस्त होती तेही. माणूस तिथे होता, याबद्दल माझ्या मनात शंका राहिली नाही.

“आणि ती पेनल्टी मारली कोणी?”

“कोणी म्हणजे? पेलेने.”

गाठ इथे होती. पेनल्टी किनाग्लियाची. पण ईडन हे क्रिकेटचं मैदान. फुटबॉलचा आयत मधे आखला की प्रेक्षक आणि गोल यांच्यात सीमारेषेपर्यंतचं मोठं अंतर उरतं. त्यात चिखलाने माखलेल्या जर्सी, पाठीवरचे आकडे झाकलेले, आणि आलेला प्रत्येक जण एकाच माणसाला बघायला आलेला. कॉसमॉसने बरोबरी साधली, गर्जना झाली. ती कोणासाठी होती असं त्या गर्दीत कोणाला वाटलं असेल? पडद्यावर पुन्हा दाखवणारं काही नव्हतं. मला हा गोंधळ अगदी समजण्यासारखा वाटतो. लोक बनाव करतात असं म्हणणारे आमचे काही सहकारी प्रत्यक्ष मैदानात जाऊन सामना कधी बघत नाहीत, हा त्यातला फरक.

मी त्यांना किनाग्लियाचं नाव सांगितलं. ते म्हणाले, “तुमचा जन्म झाला होता का तेव्हा?” गाडीबद्दल सांगितलं तर म्हणाले, “मग हावडा मेल असेल. गाडीचं काय घेऊन बसलात!”

डेस्कवर दोन तट पडले. कोल्हापूरचा सहकारी म्हणाला, हा वाचकाचा मजकूर आहे, अवतरणात जाऊ दे; आठवण त्यांची, जबाबदारी त्यांची. वरिष्ठांचं म्हणणं, वर्तमानपत्राचं कात्रण झालं की अवतरण गळून पडतं आणि दावा उरतो. पेलेमुळे नायजेरियातलं युद्ध ४८ तास थांबलं ही गोष्ट बघा. १९६९ मध्ये सांतोस तिथे खेळला हे खरं, पण युद्धबंदीला त्या काळच्या बातम्यांचा धड आधार मिळत नाही. तरी कोणीतरी कधीतरी छापलं, दुसऱ्याने उचललं, आणि आता जगातल्या प्रत्येक मृत्युलेखात ती आहे. आमच्या तयार लेखातही होती, ‘असं सांगितलं जातं’ या आमच्या धंद्यातल्या छत्रीखाली. मी वरिष्ठांच्या बाजूने होतो.

पत्र शंभरेक शब्दांत बसवलं. पाऊस, चिखल, सरकार, शिवाजी बॅनर्जी सगळं ठेवलं. गाडीचं नाव काढलं, गोलाचं वाक्य काढलं. शेजारी एका कॉलमाची छोटी चौकट टाकली: मोहन बागान २, कॉसमॉस २, गोल करणाऱ्यांची नावं, किनाग्लियापुढे कंसात ‘पेनल्टी’. पानाच्या मांडणीत ती छान बसली होती, हेही सांगायला हवं.

३१ तारखेला त्यांचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता. “पत्र छापलंत, आभारी आहे. पण शेजारी मला खोटं पाडणारी चौकट कशाला छापलीत?” मी म्हटलं, काका, तुमच्या पत्रात गोलाचा उल्लेखच नाही, मग खोटं कसं पडलं? ते म्हणाले, “ज्यांना मी गेली ४५ वर्षं सांगत आलो, त्यांनीही पेपर वाचला ना.”

हे माझ्या लक्षात येण्यासारखं नव्हतं, आणि तेव्हापासून ते मनातून जात नाही. त्याच पानावर वरच्या कोपऱ्यात आम्ही रुआ जावारीचा गोल छापला होता. २ ऑगस्ट १९५९, साव पावलोच्या छोट्या मैदानावर तिथल्याच ज्युवेंटुस क्लबविरुद्ध. बचावपटूंच्या आणि शेवटी गोलरक्षकाच्या डोक्यावरून चेंडू उचलत नेऊन हेडरने मारलेला, पेलेच्या स्वतःच्या मते सर्वांत सुंदर गोल. त्याचं चित्रीकरण नाही. पुढे प्रत्यक्षदर्शींच्या आठवणींवरून संगणकावर तो उभा केला गेला. आम्ही तो निःशंकपणे छापला, ‘असं सांगितलं जातं’ न म्हणता. प्रेक्षकांच्या आठवणीवर विश्वास ठेवून.

वरिष्ठांना हे बोललो. ते म्हणाले, जावारीच्या गोल करणाऱ्यांच्या यादीत पेलेचं नाव आहे, ईडनच्या नाही. गोल झाला हे कागदावर आहे, कसा झाला एवढंच लोकांचं. तर्क बिनतोड आहे. ईडनच्या पेनल्टीबद्दल कागदावर नाव दुसऱ्याचं आहे, आणि ते बदलणार नाही. पण चौकट त्याच पत्राशेजारी हवी होती की पानाच्या तळाशी बसली असती, यावर आमचं अजून एकमत नाही.

जानेवारीत त्यांच्याबरोबर गेलेल्या मित्राचं पत्र आलं, न मागता, टपालाने. त्यात गाडी हावडा मेल व्हाया नागपूर आहे. पाऊस आहे, चिखल आहे, गौतम सरकार आहे, शिवाजी बॅनर्जीची झेप आहे. आणि पेनल्टी पेलेनेच मारली आहे. ते अजून छापलेलं नाही.