३७ अंशांना न उघडलेली जाळी

पाणी ३७ अंशांवर पोचलं आणि जाळी अर्धवट उघडून थांबली.

रक्तवाहिनी उघडी ठेवायला आत बसवतात त्या स्टेंटची जाळी होती ती, निटिनॉलची. निटिनॉल म्हणजे निकेल आणि टायटॅनियमचा मिश्रधातू. नावातलं शेवटचं 'नॉल' हे तो जिथे घडला त्या अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेच्या आद्याक्षरांचं. बर्फाच्या पाण्यात ही जाळी मऊ पडते, दाबून बारीक नळीत सरकवता येते. शरीराच्या उबेने तिने आपणहून मूळ आकारात यायचं. रक्तवाहिनीत ती अशी अर्धवट राहिली तर? माझ्या पोटात गोळा आला.

मी पाणी तापवत राहिले. ४४ अंशांना ती पूर्ण उघडली. म्हणजे आकार तिच्या लक्षात होता, जाग उशिरा येत होती.

ती दुसऱ्या ट्रेमधली होती. त्याच ट्रेमधल्या आणखी दहा जाळ्या तपासल्या. सगळ्या तशाच. शेजारच्या पहिल्या ट्रेमधल्या मात्र तिशीच्या आसपासच उघडत होत्या. या धातूत निकेलच्या अणूंचं प्रमाण ०.१ टक्क्याने हललं तरी हे तापमान दहाएक अंशांनी सरकतं, म्हणून मला आधी जाळीच्या तारेचाच संशय आला. पण दोन्ही ट्रेंची तार एकाच रिळातली. मग उरली भट्टी.

आकार पक्का करायला आम्ही तार साच्यावर बसवून ५०० अंशांना १० मिनिटं ठेवतो आणि लगेच पाण्यात बुडवतो. नोंदवहीत दोन्ही ट्रेंपुढे १० मिनिटंच होती. सहकाऱ्याला विचारलं. तो जरा वेळ गप्प राहिला.

"मॅडम, दुसरा ट्रे काढायला अर्धा तास उशीर झाला. जाळ्या दिसायला ठीक होत्या, म्हणून लिहिलं नाही."

मला राग आला नाही, सुटल्यासारखं वाटलं. धातू जास्त वेळ तापला की त्यात निकेलने भरलेले सूक्ष्म कण तयार होतात. तेवढं निकेल बाकीच्या धातूतून कमी होतं आणि जाळी उघडण्याचं तापमान वर चढतं. नुसत्या डोळ्यांना यातलं काहीही दिसत नाही. ट्रे वेळेवर काढला असता तर याच जाळ्या कुणाच्या तरी उपयोगी पडल्या असत्या, याची हळहळ मात्र वाटली.

संध्याकाळी त्याने स्वतःच एकेक जाळी कापून बाद मालाच्या डब्यात टाकली. मी नोंदवहीत खाडाखोड न करता खाली एक ओळ जोडली : 'दुसरा ट्रे, भट्टीत अंदाजे ४० मिनिटं.' त्याने तिच्यापुढे सही केली.