२६ जून १९०२ : न झालेल्या राज्याभिषेकाची पोस्टकार्डं

लंडनमध्ये जुन्या पोस्टकार्डांचा बाजार भरतो, तिथे विक्रेत्यांच्या खोक्यांत राज्याभिषेकांचा कप्पा हमखास असतो. सातवा एडवर्ड, पाचवा जॉर्ज, सहावा जॉर्ज, दुसरी एलिझाबेथ, सगळे ओळीने. मी मात्र एडवर्डपाशीच रेंगाळते. त्याच्या कार्डांवर राजा-राणीच्या तसबिरी असतात, मुकुट असतो, नक्षीदार चौकट असते आणि कितीतरी कार्डांवर ठळक तारीख असते : २६ जून १९०२.

त्या दिवशी राज्याभिषेक झालाच नाही.

दोनच दिवस आधी, २४ जूनला, राजाच्या पोटात अपेंडिक्सजवळ झालेलं गळू फोडावं लागलं. फ्रेडरिक ट्रीव्ह्ज या सर्जननं बकिंगहॅम राजवाड्यातच ही शस्त्रक्रिया केली. त्या काळात पोटाची शस्त्रक्रिया म्हणजे जिवाशी गाठ. राजा बचावला, पण समारंभ लांबला. कार्डं, कप, पदकं सगळं तोवर तयार होऊन बाजारात आलं होतं. शेवटी ९ ऑगस्टला वेस्टमिन्स्टर ॲबीत विधी पार पडला. ऐंशी वर्षांच्या आर्चबिशप टेंपल यांनी थरथरत्या हातांनी मुकुट ठेवला, तोही मागची बाजू पुढे करून. कार्डांवरचा मुकुट अर्थातच सरळ आहे.

राज्याभिषेकासाठी लंडनच्या व्हाइटहॉल रस्त्यावर उभारलेल्या कॅनडाच्या कमानीची कार्डंही पुष्कळ मिळतात. गव्हाच्या ओंब्यांनी मढवलेली ती अवाढव्य कमान सांगते की कॅनडा हे ब्रिटनचं धान्याचं कोठार आहे. साम्राज्यातल्या कुठल्या भागाकडून काय हवं होतं, ते इतक्या उघडपणे लिहिलेलं मी क्वचितच पाहिलंय.

मला त्या तारखेपाशी थांबवतं ते वेगळंच कारण. २६ जून म्हणजे आपली शाहू जयंती. आणि १९०२ च्या त्या उन्हाळ्यात कोल्हापूरचे शाहू महाराज याच राज्याभिषेकासाठी विलायतेत आले होते. समारंभ पुढे गेल्यावर परदेशी राजघराण्यांतले बरेच पाहुणे आपापल्या देशी परतले. महाराज इथेच असताना २६ जुलैला त्यांचा तो हुकूम निघाला : करवीर संस्थानच्या नोकरीत यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांतल्या लोकांना द्याव्यात. राजाच्या आजारपणामुळे लंडन खोळंबलं होतं आणि त्याच दिवसांत कोल्हापूरच्या गॅझेटात आरक्षणाचा पाया घातला जात होता. शाळेत हा हुकूम शिकले तेव्हा तो कोल्हापूरच्या राजवाड्यात बसून काढलेला असेल असंच चित्र डोळ्यांपुढे होतं. आता व्हाइटहॉलमधून जाताना मनात येतं, महाराजांनीही ती गव्हाची कमान पाहिली असेल. तिच्याखालून जाणाऱ्या एका पाहुण्याच्या मनात आपल्या रयतेचा केवढा मोठा विचार चालू होता! मला त्याचा फार अभिमान वाटतो.

कार्डाची मागची बाजूही बघण्यासारखी असते. १९०२ पर्यंत ब्रिटनमध्ये मागे फक्त पत्ता लिहायची मुभा होती. मजकूर चित्राच्या कडेला कोंबावा लागे. त्याच वर्षी टपालखात्यानं मागच्या बाजूचे दोन भाग करायला परवानगी दिली, डावीकडे मजकूर, उजवीकडे पत्ता. त्यामुळे या राज्याभिषेकाच्या कार्डांत दोन्ही तऱ्हा सापडतात. देशांतर्गत कार्डाला अर्ध्या पेनीचं तिकीट पुरायचं, म्हणून मोलकरणीपासून सरदारापर्यंत सगळेच लिहायचे.

पुढे पाचव्या जॉर्जच्या वेळी, २२ जून १९११ ला, राज्याभिषेकाच्या दिवशीच त्याच्या चेहऱ्याची नवी तिकिटं निघाली. त्या सप्टेंबरात तर या सोहळ्याच्या निमित्तानं हेंडनहून विंडसरला विमानानं टपाल गेलं. त्यासाठी खास कार्डं छापली होती, विंडसरच्या किल्ल्यावर विमान दाखवणारी. डिसेंबरात राजा मुंबईला अपोलो बंदरावर उतरला. तेव्हा तिथे गेटवे ऑफ इंडिया नव्हतं, ते या भेटीची आठवण म्हणून नंतर बांधलं. त्यामुळे बंदराचं जुनं कार्ड हाती आलं की मी आधी गेटवे दिसतंय का ते बघते. कार्ड कुठल्या काळातलं, याचा पहिला अंदाज तिथेच येतो.

कोल्हापूरकर वाचकांना एक विनंती. घरातल्या जुन्या पेटीत १९०२ च्या विलायतेतलं एखादं कार्ड निघालं, तर चित्रावरून लगेच किंमत ठरवू नका. उलटून पाहा, शिक्क्यावरची तारीख वाचा आणि मला जरूर कळवा.