पावसाळ्यातलं ॲल्युमिनियमचं ओतकाम आणि पुलीतले पिनहोल

मळणीयंत्राची ॲल्युमिनियमची पुली लेथवर चढवली, वरची साल निघाली आणि खाली टाचणीच्या टोकाएवढी भोकंच भोकं दिसली, की दोष सहसा भंगारावर जातो. भंगार वाईट असूही शकतं, त्याबद्दल पुढे लिहितो. पण सगळीकडे विखुरलेली, गोल, आतून गुळगुळीत भोकं ही हायड्रोजनची खूण आहे, आणि हा हायड्रोजन पाण्यातून येतो. सोयाबीनच्या मळणीआधी पुल्यांचं काम ऑगस्ट-सप्टेंबरात वाढतं आणि विदर्भात हवा ओली असते ती याच दिवसांत.

वितळलेलं ॲल्युमिनियम वाफेतला ऑक्सिजन ओढून घेतं आणि सुटा झालेला हायड्रोजन पोटात साठवतं. ६६० अंशांवर १०० ग्रॅम पातळ धातूत साधारण ०.७ मिलि हायड्रोजन मावतो. तोच धातू गोठला की जेमतेम ०.०४ मिलि. उरलेल्याला जागाच राहत नाही, म्हणून तो गोठताना बुडबुडे करून बसतो. हा रस, म्हणजे वितळलेला धातू, ८०० अंशांपर्यंत तापवला तर ही क्षमता दुपटीच्याही वर जाते. जास्त तापवल्याने ओतकाम सोपं होतं असं वाटतं, पण तेवढ्यात धातू गॅस पिऊन घेतो.

अडचण अशी की ॲल्युमिनियम लोखंडासारखं लालबुंद होऊन सांगत नाही. दिवसाउजेडी ७५० अंशांचा रसही चांदीसारखाच दिसतो. रंगावरून अंदाज घेणारा माणूस हमखास शंभर अंश पुढे जातो. के टाइप थर्मोकपल (रसात बुडवून तापमान मोजायची तार) आणि साधा डिजिटल मीटर ही या कामातली पहिली खरेदी असावी, मूस (धातू वितळवायचं भांडं) बदलण्याच्याही आधीची. थर्मोकपलची स्टीलची नळी रसात हळूहळू विरघळते, म्हणून तिला ग्राफाइटचा किंवा झिरकॉनचा लेप देऊन पूर्ण वाळवायचं. रस ७५० च्या वर जाऊ द्यायचा नाही, ओतायचं ७०० ते ७२० ला. अगदी पातळ भिंतीच्या वस्तूला थोडं जास्त चालतं.

पाणी नेमकं येतं कुठून? पहिली जागा बर्नर. एक लिटर डिझेल जळलं की जवळपास एक लिटर पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. ज्वाला थेट रसावर खेळत असेल तर ती सगळी वाफ धातूवरून जाते. म्हणून ज्वाला मुशीच्या बाहेरून फिरली पाहिजे आणि मुशीवर झाकण हवं. पऱ्हाटी किंवा ओली लाकडं जाळून रस करणाऱ्यांनी हे दुप्पट लक्षात ठेवावं. दुसरी जागा फ्लक्स, म्हणजे रस साफ करायला टाकतात ते क्षार. हे क्षार हवेतलं पाणी शोषतात. उघड्या पिशवीतला फ्लक्स श्रावणात दगड झाला असेल तर तो रसात टाकणं म्हणजे पाणीच टाकणं. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायचा आणि वापरण्याआधी भट्टीच्या कडेला १५० अंशांच्या वर तासभर गरम करायचा. पळी, ढवळणी, चिमटा, भंगाराचा प्रत्येक तुकडा हेही तसंच गरम करून घ्यायचं. ओला तुकडा रसाखाली गेला तर प्रश्न पिनहोलचा राहत नाही. पाण्याची वाफ एका क्षणात फुगते आणि रस छतापर्यंत उडतो. बंद तोंडाचा पाइप किंवा पोकळ हँडल भट्टीत टाकण्याआधी कापून उघडं केलंच पाहिजे.

इतकं करूनही थोडा हायड्रोजन राहतोच. तो काढायला हेक्झाक्लोरोइथेनच्या गोळ्या बाजारात मिळतात, पण त्यांचा धूर विषारी असतो आणि बंद शेडमध्ये त्या वापरूच नयेत. त्यापेक्षा टिग वेल्डिंगवाल्याकडे असतं ते आर्गॉनचं सिलिंडर घ्यावं. ग्राफाइटची नळी मुशीच्या तळापर्यंत सोडायची आणि रस ७०० ते ७२० वर ठेवून १० ते १५ मिनिटं गॅस सोडायचा, तीस किलोच्या मुशीला एवढं पुरतं. बुडबुडे बारीक हवेत. पृष्ठभाग खदखदायला लागला तर गॅस जास्त आहे. अशाने वरचा ऑक्साइडचा पापुद्रा फुटून आत जातो आणि गॅस उलट वाढतो. नंतर पाच-दहा मिनिटं रस स्थिर ठेवायचा, वरची मळी एकदाच काढायची आणि लगेच ओतायचं. सारखं ढवळत बसण्याची सवय मोडायलाच हवी.

रस साफ झाला का, हे ओतण्याआधी कळू शकतं. छोट्या गरम वाटीत नमुना घेऊन तो व्हॅक्यूमखाली गोठवायचा. जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर आणि जाड काचेचं झाकण असलेलं भांडं यावर हे काम होतं. नमुन्याचा माथा फुगला तर गॅस आहे, खोलगट बसला तर रस ठीक आहे. आकडा हवा असेल तर नमुना हवेत आणि मग दोऱ्याने पाण्यात लोंबकळवून तोलायचा. हवेतलं वजन २६८ ग्रॅम आणि पाण्यातलं १६८ भरलं, तर घनता २.६८, म्हणजे सात टक्के सिलिकॉनच्या मिश्रधातूला अपेक्षित तेवढी. २.५५ आली तर सुमारे पाच टक्के जागा पोकळ आहे. हा ताजवा भल्याभल्यांचे वाद मिटवतो.

आता भंगार. सगळं 'ॲल्युमिनियम' एकाच मुशीत टाकणं ही माझ्या मते गावाकडच्या ओतकामातली सगळ्यात महाग सवय आहे. जर्मनचे गंज (भांडी) आणि विजेच्या तारा जवळजवळ शुद्ध असतात. असा धातू मऊ असतो आणि साच्यात नीट धावत नाही. खिडक्यांचे सेक्शन बहुधा ६०६३ या मिश्रधातूचे, त्यात सिलिकॉन अर्धा टक्का. ते दाबून सेक्शन काढायला उत्तम, पण पुली ओतली तर आरे रिमला जुळतात तिथे तडे जातात. मोटारीची अलॉय चाकं सहसा ए३५६ या मिश्रधातूची असतात : सिलिकॉन सुमारे ७ टक्के, मॅग्नेशियम पाव ते अर्धा टक्का, लोखंड अगदी कमी. पुलीसाठी यापेक्षा चांगलं भंगार नाही. पिस्टनमध्ये सिलिकॉन १२ टक्क्यांच्या आसपास असतो, वर तांबं आणि निकेल. डिझेलच्या पिस्टनमध्ये वरच्या रिंगच्या खाचेत बिडाचं कडं असतं. ते निकेलवालं असल्याने चुंबक त्याला धड धरत नाही, म्हणून चुंबकावर विसंबू नका. पिस्टन वितळताच ते कडं तळातून बाहेर काढा.

जुने कार्ब्युरेटर जस्ताचे असतात, हातात घेतले की वजनावरूनच कळतं. एखादं झाकण नको तितकं हलकं वाटलं तर त्यावर व्हिनेगरचा थेंब टाका. फसफसलं तर ते मॅग्नेशियम आहे, भट्टीजवळही नेऊ नका. बाकीच्यांसाठी कॉस्टिक सोडा : घासून चकचकीत केलेल्या जागी पाण्यात केलेल्या साधारण २० टक्के द्रावणाचा थेंब पाच मिनिटं ठेवायचा. तांबं किंवा जस्त असेल तर डाग काळा पडतो, सिलिकॉन असेल तर करडा, बाकी पांढरेच राहतात. हातमोजे आणि चष्मा घालूनच.

लोखंड एकदा आत गेलं की परत काढता येत नाही. गोठताना त्याच्या पातळ, ठिसूळ पट्ट्या होतात आणि भेग तिथूनच सुरू होते. त्यामुळे लोखंडी कढईत रस करणं बंद करा, ग्राफाइटची किंवा सिलिकॉन कार्बाइडची मूस घ्या. नेमकी रचना हवी असेल तर नागपूरला वाडीत, अमरावती रस्त्यावर जवाहरलाल नेहरू ॲल्युमिनियम संशोधन केंद्र आहे, १९८९ मध्ये स्थापन झालेलं. हे केंद्र मुख्यतः याच धातूवर काम करतं.

साच्याबद्दल थोडक्यात. रेतीत बेंटोनाइट सहा ते आठ टक्के, पाणी चार-पाच टक्के. मुठीत दाबलेला गोळा मधोमध स्वच्छ तुटला पाहिजे. बेंटोनाइट महाग म्हणून वावरातली काळी माती मिसळू नका. दोन्हींत फुगणारं खनिज एकाच कुळातलं, पण काळ्या मातीतला बारीक गाळ रेतीची छिद्रं बुजवतो आणि वाफ धातूत शिरते. आकसण्यासाठी १.३ टक्के धरायचे, म्हणजे ३०० मिमीच्या पुलीला फर्मा (रेतीत ठसा उठवायचा नमुना) ३०४ मिमीचा, वर लेथसाठी मार्जिन वेगळं. रायझर (गोठताना जादा रस पुरवणारी साच्यातली उभी पोकळी) हबवर, म्हणजे पुलीच्या मधल्या जाड भागावर, कारण हबच शेवटी गोठतो.

ताकद येते ती उष्णतेच्या प्रक्रियेतून. आल्फ्रेड विल्म या जर्मन धातुशास्त्रज्ञाला १९०६ मध्ये दिसलं, की तापवून पाण्यात बुडवलेला ॲल्युमिनियमचा मिश्रधातू नुसता पडून राहिला तरी कडक होत जातो. ए३५६ मध्ये हे काम मॅग्नेशियम आणि सिलिकॉन मिळून करतात. ५४० अंशांवर किमान आठ तास, मग दहा सेकंदांच्या आत ६५ अंशांच्या आसपासच्या पाण्यात. पाणी थंड असेल तर पातळ रिम वाकते. त्याच दिवशी १५५ ते १७० अंशांवर ठेवायचं, १५५ ला चार-पाच तास धरा. ए३५६ शी मिळतीजुळती रचना असलेल्या एलएम२५ या मिश्रधातूचे प्रमाणित आकडे पाहा : रेतीच्या साच्यातून निघाल्यावर ताणशक्ती किमान १३० मेगापास्कल, पूर्ण प्रक्रियेनंतर किमान २३०.

वर सांगितलेल्या दोन्ही चुका इथे उघड्या पडतात. पिस्टनचं भंगार मिसळलं असेल तर तांब्याचा भाग ५२५ अंशांच्या आसपासच वितळतो, त्यामुळे ५४० वर कणांच्या सीमा आतून सुटतात आणि पुली बाहेरून चांगली दिसत असूनही पट्ट्याच्या झटक्याने फुटते. गॅस राहिला असेल तर तो तापून पृष्ठभागावर फोड आणतो. मिश्र भंगाराच्या पुलीला ही प्रक्रिया देऊच नये.

मधे वीज गेली आणि भट्टी ४०० पर्यंत उतरली तर विरघळलेला मॅग्नेशियम-सिलिकॉन जाड दाण्यांत परत बाहेर पडतो. अशा वेळी राहिलेले तास पुढे मोजून चालत नाही. तापमान परत ५४० ला आलं की आठ तास नव्याने मोजायचे. प्रक्रिया लागली की नाही ते ब्रिनेल कडकपणावरून (गोळी दाबून मोजतात तो) कळतं : एलएम२५ ला आधी ५५ ते ६५, नंतर ९० ते ११०. ७५ च्या आसपास आकडा आला तर बहुधा पाण्यात टाकायला उशीर झालेला असतो किंवा भट्टीचा मागचा कोपरा थंड राहिलेला असतो. त्या कोपऱ्यात दुसरं थर्मोकपल लावून बघा.